नवी इलेक्ट्रिक सायकल: सीट, हँडल आणि मोटरचा धक्का, अंगाला कसं जुळवायचं?

चाकोरीबाहेर

मंडळी, नवी इलेक्ट्रिक सायकल घेतली आहे. (पेडलवाली. स्कूटर नव्हे. आधीच सांगते, नाहीतर निम्मे प्रतिसाद लायसन्सवर येतील.) मागच्या चाकात हब मोटर, बॅटरी खालच्या तिरक्या नळीत, सात गिअर, डिस्क ब्रेक, पुढे सस्पेन्शन. साधी सायकल वर्षानुवर्षं चालवली आहे, त्यामुळे सायकल मला नवीन नाही. (फोटो जोडला आहे.)

गंमत अशी की साध्या सायकलवर जे त्रास कधी झाले नाहीत ते हिच्यावर सुरू झालेत. अर्ध्या-पाऊण तासात तळहाताला मुंग्या येतात, त्यातही करंगळीकडे जास्त. उतरल्यावर गुडघ्याच्या वाटीपुढे ठणकतं. शिवाय पेडल मारलं की क्षणभर काहीच होत नाही आणि मग मागून कोणीतरी ढकलल्यासारखी गाडी सुटते. अरुंद वळणावर तर पोटात गोळाच येतो.

माझी उंची १६२ सेंमी. दुकानदाराने सीटवर बसवलं, "पाय टेकतायत ना?" विचारलं, मी हो म्हटलं, झालं फिटिंग. आता मला सांगा, निम्मं काम मोटर करतेय तर गुडघा दुखायचं कारणच काय?

पाना_पक्कड

पाय टेकतायत ना, इथेच घोळ आहे.

पेडल अगदी तळाला असतं तेव्हाही ते जमिनीपासून चार-पाच इंच वर असतं. सीटवर बसून दोन्ही तळवे सपाट जमिनीला लागत असतील, तर त्याच सीटवरून पेडल मारताना पाय कधी नीट लांबणारच नाही. गुडघा कायम दुमडलेला, आणि दुमडलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटीमागे दाब येतो. पुढून दुखतंय म्हणजे ९०% सीट खाली आहे. मागच्या बाजूने, लवणीत दुखलं असतं तर उलट म्हटलं असतं.

दोन मापं द्या. एक पायाच्या आतल्या बाजूचं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक दोन पायांमध्ये धरा, कणा वरच्या बाजूला, कड भिंतीला चिकटलेली. सीटवर बसल्यावर जेवढं दाबलं जातं तेवढं वर ओढा आणि कण्याच्या उंचीवर भिंतीवर पेन्सिलने खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंतचं माप. दुसरं, क्रँक (म्हणजे पेडल ज्या दांडीला लावलेलं असतं ती) जिथे फिरते तिथे मधोमध जो बोल्ट असतो तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीला समांतर. क्रँकची लांबीही बघा, दांडीच्या आतल्या बाजूला कोरलेली असते.

तीन_ताल_चाके

सीट उंच करा वगैरे ठीक, पण आधी ती कंपनीची सीट फेकून द्या. रुंद जेलची गुबगुबीत सीट टाका. सगळे प्रश्न मिटतील.

चाकोरीबाहेर

पानाकाका, मापं घेतली. पायाचं ७४ सेंमी. क्रँक ते सीट ५८. क्रँकवर १७० लिहिलंय.

@तीन_ताल_चाके, बुडाची तक्रार अजून तरी नाही हो. हात आणि गुडघे.

गणिती_गोगलगाय

५८? बाप रे.

दोन जुने हिशेब आहेत. ग्रेग लेमाँ (१९८६, १९८९ आणि १९९० चा टूर द फ्रान्स विजेता) याच्या नावाने चालतो तो: आतल्या पायाचं माप गुणिले ०.८८३, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. तुमच्यासाठी ६५.३ सेंमी. दुसरा हॅम्ली आणि थॉमस यांचा १९६७ चा: मापाच्या १०९%, पण हे माप खालच्या पेडलच्या दांड्यापासून धरायचं. ७४ चे १०९% म्हणजे ८०.७, त्यातून क्रँकचे १७ सेंमी (तुमचे ते १७० मिमी) वजा केले की ६३.७.

दोन्हींत दीड सेंटिमीटरचा फरक आहे, म्हणजे यातलं कुठलंही ब्रह्मवाक्य नाही. शिवाय लेमाँचा हिशेब शर्यतवाल्यांचा, पेडलला अडकणारे बूट आणि पुढे वाकलेली बैठक धरून केलेला. साधे बूट, सपाट पेडल, ताठ बैठक असेल तर खालच्या आकड्याकडे झुकावं. मी ६३ ते ६३.५ पासून सुरुवात केली असती. ५८ म्हणजे पाच सेंटिमीटरहून जास्त कमी आहे!

पाना_पक्कड

हिशेब बरोबर. पण एका दमात पाच सेंटिमीटर चढवू नका. एकेक सेंटिमीटर वाढवा, दोन-तीन फेऱ्या मारा, मग पुढचा. शेवटी टाचेने तपासा: टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला न्या, पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलंडता कामा नये. मग पंजा पेडलवर ठेवलात की गुडघ्यात आपोआप २५ ते ३५ अंशांचा बाक येतो. मागून कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. पेडल मारताना कमरेचा पट्टा डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट जास्त झाली.

आणि सीटपोस्टवर किमान खुणेची रेघ असते. ती नळीच्या आत गेलेलीच हवी. बाहेर दिसत असेल तर लांब पोस्ट आणा, ताणून वापरू नका. ई-सायकल जड, खड्ड्यात आदळली की नळीच फाटते.

सांधेजोड

(फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून तोंड घालते.)

"निम्मं काम मोटर करते तर गुडघा दुखायचं कारण काय" हा प्रश्न सगळ्यांच्या नजरेतून निसटला, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

साध्या सायकलवर तुम्ही पेडलवर जोर देता तेव्हा शरीराचं बरंचसं वजन पायांवर जातं. प्रत्येक दाबाला बूड किंचित हलकं होतं, हातही हलके होतात. चढ आला की तुम्ही उभ्या राहून मारता, खड्डा दिसला की उचलून घेता. बैठक सतत बदलत राहते. मोटर आली की पायांवरचा जोर कमी होतो, आणि वजन कुठेतरी जायलाच हवं! ते जातं सीटवर आणि तळहातांवर. चढाला उभं राहायची गरज नाही, म्हणून माणूस तासभर एकाच ठशात बसून राहतो. त्यात वेग जास्त, म्हणजे खड्डेही जोरात.

साध्या सायकलवर सीट दोन इंच खाली असली तर मांड्या तिथल्या तिथे भरून येतात आणि माणूस नाक मुठीत धरून सीट वर करतो. ई-सायकलवर मांड्या गप्प असतात. मोटर तक्रार दाबून टाकते, गुडघा मात्र दुमडलेल्या स्थितीत हजारो वेळा फिरत राहतो आणि बोलतो तो घरी आल्यावर.

आणखी एक विचारते. तुम्ही कुठल्या गिअरमध्ये असता?

चाकोरीबाहेर

सहा नाहीतर सात. बदलायची गरजच पडत नाही, मोटर ओढून नेते.

सांधेजोड

तेच ते. थांबल्यावर सातव्या गिअरमध्ये सुटायचं म्हणजे पहिले तीन-चार दाब सगळे गुडघ्यावर, आणि तुमची मोटर तर उशिराच जागी होते. सिग्नल दिसला की थांबायच्या आधी, पेडल फिरत असतानाच, दोन-तीनपर्यंत खाली या. चालू लागल्यावर मिनिटाला ६०-७० फेऱ्या तरी पायाने व्हायला हव्यात. घड्याळ लावून १५ सेकंदांत एका पायाच्या फेऱ्या मोजा, चारने गुणा.

हातांबद्दल: करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट म्हणजे अल्नर नर्व. ती तळहाताच्या करंगळीकडच्या टाचेतून जाते, आणि आपण नेमका तिथेच भार टाकून हँडलवर रेलतो. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या आल्या असत्या तर मीडियन नर्व, तेव्हा मनगट वर दुमडलेलं असतं. उतरल्यावर काही वेळात मुंग्या जात असतील तर बैठक सुधारा. दुसऱ्या दिवशीही बोट बधिर राहिलं, किंवा पकड कमी झाली, वस्तू हातातून सुटायला लागल्या, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

तीन_ताल_चाके

पण ताई, मग भार सीटवर जातोय तर जेलची सीट चांगलीच की!

सांधेजोड

रुंद चालेल, गुबगुबीत नको. आपण बसतो ती दोन हाडं, बैठकीची हाडं, त्यांना टेकू हवा. फार मऊ सीटमध्ये ती हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन नको त्या नाजूक जागी दाबतो. बसताना छान वाटतं, तासाभराने बधिर.

घरच्या घरी माप काढता येतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पायरीवर ठेवा, त्यावर पातळ कपड्यात बसा, किंचित पुढे वाका, गुडघे जरा वर घ्या. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यातलं अंतर मोजा. सीटचा मागचा भाग त्याहून साधारण दोन सेंटिमीटर तरी रुंद हवा, ताठ बसणाऱ्याला आणखी थोडा. पुढे वाकून चालवणाऱ्याला अरुंद चालतो, कारण त्याचा भार वेगळ्या जागी पडतो.

ओळंबा

सीटची उंची झाली, मागेपुढे कोण बघणार? सीट वर चढवली की ती मागेही जाते. सीटची नळी तिरकी असते ना. ७३ अंशांची धरली तर साडेपाच सेंटिमीटर वर म्हणजे जवळजवळ १.६ सेंमी मागे. हँडल तेवढं लांब झालं! वर सीट उंचावली म्हणजे हँडल तुलनेने खालीही गेलं. गुडघा बरा होईल आणि हात आणखी दुखतील, मग म्हणाल फोरमवाल्यांनी वाट लावली.

उपाय: दोन्ही क्रँक आडव्या करा, पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडापासून ओळंबा सोडा. तो पेडलच्या दांड्यावर पडला पाहिजे. पडेपर्यंत सीट पुढे सरकवा.

गणिती_गोगलगाय

ओळंब्याला माझा नम्र विरोध. (आयडीला नाही, पद्धतीला.) गुडघा पेडलच्या बरोब्बर वर असण्यामागे गुरुत्वाकर्षणाचा काही चमत्कार नाही. रिकंबंट सायकलवर माणूस जवळजवळ आडवा पडून पेडल मारतो, तिथे गुडघा पेडलच्या वर कधीच नसतो, तरी पाय उत्तम चालतो. सीट मागेपुढे करण्याचा खरा परिणाम तोल कुठे पडतो यावर. सीट मागे तर हातांवरचा भार कमी, पण हँडल दूर. सीट पुढे तर हँडल जवळ, पण तोल पुढे झुकतो.

ओळंबा

मी कुठे म्हटलं चमत्कार आहे? सुरुवात कुठून तरी करावी लागते, दोरा आणि नट घेऊन घरी करता येतं एवढंच. तुम्ही ०.८८३ ने गुणता ते चालतं आणि माझा दोरा चालत नाही?

गणिती_गोगलगाय

बरं, सुरुवात म्हणून मान्य. पण हात दुखतात म्हणून सीट पुढे ओढत राहू नका, त्यासाठी हँडल हलवायचं असतं. आणि सीट एक सेंटिमीटर पुढे घेतली की ती पायाला किंचित बुटकीही होते, तेव्हा दोन-तीन मिलिमीटर उंची परत द्या.

वाचनमात्र_मी

वाचतेय. छान चर्चा.

पाना_पक्कड

हँडलवर येऊ. फोटोत स्टेमखाली (हँडल धरणारा आखूड दांडा) स्पेसरच्या रिंगा दिसतायत, वरही एक आहे का? वरच्या रिंगा खाली घेतल्या की हँडल तेवढं चढतं. त्याहून जास्त हवं तर कोन बदलणारा स्टेम किंवा वर उचललेलं हँडल, म्हणजे रायझर.

साध्या सायकलवर हे दहा मिनिटांचं काम. ई-सायकलवर हँडलला काय काय लोंबतं ते बघा: दोन ब्रेकच्या केबल, गिअरची केबल, डिस्प्लेची वायर, दोन्ही ब्रेकच्या कट-ऑफच्या (ब्रेक दाबला की मोटर बंद करणाऱ्या स्विचच्या) वायरी, थ्रॉटल असेल तर त्याची. सगळं कारखान्यात मोजून कापलेलं. हँडल चढवून झालं की ते पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा आणि हेडच्या, म्हणजे हँडलखालच्या नळीजवळ वाकून बघा. जी वायर ताठ होते, तिचा जोडाजवळचा बाक सरळ होतो, ती एक दिवस वळणावर सुटणार. तिथे थांबायचं. जोर लावून "बसेल" म्हणायचं नाही. बहुतेकांना दोन-तीन सेंटिमीटर मिळतात, तेवढे पुरतातही.

बोल्टवर आकडा कोरलेला असतो, स्टेमवर साधारण ४ ते ६ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर कोणाचा तरी आणा. चार बोल्ट फुलीच्या क्रमाने (एकानंतर त्याच्या तिरक्या समोरचा) थोडे थोडे आवळा, दोन्ही फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. स्टेमच्या डोक्यावरचा बोल्ट हँडल पकडण्यासाठी नसतो, तो फक्त बेअरिंगचा खेळ काढतो. अनेकजण तोच करकचून आवळतात आणि बाजूचे ढिले ठेवतात.

सीटचं नाक तपासलं का? पुढे झुकलेलं असेल तर तुम्ही दिवसभर घसरताय आणि हातांनी स्वतःला मागे ढकलताय. मोबाइलमधलं लेव्हल सीटवर ठेवा. सपाट, फार तर एक-दोन अंश खाली.

आणि ब्रेकचे लिव्हर. बोटं लिव्हरवर ठेवली की कोपरापासून बोटापर्यंत एक रेघ दिसली पाहिजे, मनगटात मोड नको. हात लहान असतील तर लिव्हरजवळ एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर ग्रिपच्या जवळ येतो.

वॉटसरू

आता माझा विषय, धक्का.

ताई, तुमच्या सायकलला कॅडन्स सेन्सर असणार. क्रँकजवळ एक प्लास्टिकची चकती, तिच्यात चुंबकं. ती फिरतेय एवढंच कंट्रोलरला कळतं. तुम्ही किती जोर देताय याचा त्याला पत्ता नाही. ठरावीक चुंबकं पुढून गेली की तो म्हणतो, फिरवतेय बुवा, द्या करंट. म्हणून आधी शांतता आणि मग लाट. पेडल थांबवलं तरी मोटर क्षणभर ओढत राहते तेही याचमुळे.

टॉर्क सेन्सर असतो तेव्हा पेडलवरचा दाब मोजला जातो, दाब वाढला तशी मदत वाढते. पायच मोठे झाल्यासारखं वाटतं. पण म्हणून कॅडन्सवाली वाईट असं नाही, तिला वेगळी चालवावी लागते:

असिस्ट १ वर (मोटरच्या मदतीची सगळ्यात कमी पातळी) सुटा, वेग आला की वाढवा. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्लो स्टार्ट किंवा तत्सम काही असेल तर ते मऊकडे न्या, बऱ्याच कंट्रोलरमध्ये असतं, पुस्तिका बघा. अरुंद वळणाच्या आधी पेडल थांबवा, वळण घ्या, सरळ झाल्यावर फिरवा. वळणात फिरवायचंच असेल तर मागच्या ब्रेकला हलकं बोट लावा, कट-ऑफ मोटर तोडतो. हा ब्रेक तुमचा क्लच आहे असं समजा. आठवडाभरात बोट आपोआप जातं.

चकतीत चुंबकं कमी असतील तर जास्त चुंबकांची चकती बसवून उशीर कमी होतो, पण तो दुसरा टप्पा, आणि सेन्सर कंट्रोलरशी जुळणारा हवा.

सावकाश_६८

नमस्कार. वय आयडीतच आहे. सीट एवढी वर करा म्हणताय, थांबल्यावर आमच्यासारख्यांनी काय करायचं? बोटाच्या टोकावर २५ किलोची सायकल तोलायची? पडलो तर उठवणार कोण?

सांधेजोड

काका, रास्त प्रश्न आहे. थांबताना सीटवर बसून राहायचंच नाही. वेग अगदी कमी झाला की एक पेडल तळाला, त्यावर वजन, बूड सीटवरून पुढे घसरवा आणि दुसरा पाय जमिनीवर. दोन पायांमध्ये नळी, सीट तुमच्या मागे. सुटताना उलट: एक पेडल घड्याळातल्या दोनच्या जागी, दोन्ही ब्रेक धरलेले, मग ब्रेक सोडून पेडलवर उभं राहत सीटवर. मोकळ्या मैदानात मोटर बंद ठेवून सराव करा, मग असिस्ट १ वर.

ज्यांना हे जमत नाही, नितंबाचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी सीट दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवावी. गिअर हलका ठेवला तर गुडघा निभावून नेतो. पडण्यापेक्षा ते बरं. मधली नळी खाली असलेली स्टेप-थ्रू फ्रेम असेल तर टांग टाकायचाही प्रश्न नाही.

वॉटसरू

काकांना आणखी एक. टॉर्क सेन्सरची सायकल असेल तर थांबल्यावर पेडलवर पाय रेलून ठेवू नका, ब्रेक धरलेलाच असू द्या. त्या दाबाला ती "चला" समजते. आणि चालू करताना पाय पेडलवरून खाली घ्या. शिमानोच्या स्टेप्सच्या पुस्तिकेतही हेच सांगितलंय. चालू होताना सेन्सर शून्य कुठे ते ठरवतो, तेव्हाच पाय ठेवला तर हिशेब चुकतो.

सावकाश_६८

अच्छा, म्हणून ती मधूनच मरगळते होय! चालू करायच्या आधीच टांग टाकून बसायची सवय आहे. आभारी आहे.

उशिरा_आलेला

धागा पळवत नाही, पण माझी मिड मोटरची (मोटर चाकात नाही, क्रँकपाशी) आहे आणि मला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखं होतं. सीट हिशेबाने बरोबर आहे.

गणिती_गोगलगाय

दोन क्रँकमधलं रुंदीचं अंतर बघा, क्यू फॅक्टर. शर्यतीच्या सायकलींत ते साधारण १४५ ते १५० मिमी असतं, मधे मोटर बसवली की बरेचदा १७० च्या पुढे जातं. पाय फाकून चालवल्यासारखं. अरुंद कमरेच्या माणसाला ते जाणवतं. पाय पेडलवर शक्य तितका आत, क्रँकला घासणार नाही एवढा जवळ ठेवून बघा. चवडे जबरदस्तीने सरळ समोर ठेवू नका, चालताना जसे पडतात तसेच राहू द्या. सीट दोन-तीन मिलिमीटर खालीही करून बघा.

उशिरा_आलेला

प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा पडला)

चाकोरीबाहेर

अपडेट देते.

सीट हळूहळू ६३ वर आणली. शेवटचा सेंटिमीटर अंगावर आला, थांबताना धडधडायचं, मग काकांसाठी सांगितलेला सराव मीच केला. सांधेजोडताई म्हणाल्या तसं सिग्नलआधी गिअर उतरवते. गुडघा आता गप्प आहे. सीटचं नाक खरंच खाली होतं, चांगलं चार अंश! सपाट केल्यावर हातांचा त्रास निम्म्याहून कमी झाला. हँडल दोन रिंगांनी वर घेतलं. तिसऱ्या रिंगेला उजव्या ब्रेकच्या कट-ऑफची वायर डावीकडे वळवताना तारेसारखी ताठ झाली, तिथेच थांबले.

पण आता नवीनच. मध्येच मोटर जाते. येते, जाते. चढावर जास्त. बॅटरी भरलेली आहे. वायर दुखावली का?

वॉटसरू

डिस्प्लेवर ब्रेकचं चिन्ह लुकलुकतं का तेव्हा?

चाकोरीबाहेर

हो!! आत्ता स्टँडवर लावून बघितलं. लिव्हरला हात न लावताही मधूनमधून उमटतं.

पाना_पक्कड

लिव्हर जवळ आणायचा स्क्रू फिरवला ना? कट-ऑफचा स्विच काही लिव्हरच्या आतच असतो. स्क्रूने लिव्हर आत ढकलला की स्विचला वाटतं ब्रेक दाबलाय. अगदी काठावर असेल तर हादऱ्याने चालू-बंद होतो. स्क्रू पाव-पाव वळसा मागे घ्या, चिन्ह गेलं की आणखी थोडा. नाहीच गेलं तर मग वायरीकडे वळू.

चाकोरीबाहेर

अर्ध्या वळशात गेलं. लिव्हर पूर्वीपेक्षा जवळच आहे तरीही. पानाकाका, तुमचे पाय कुठे आहेत.

पाना_पक्कड

पेडलवर.

टायरची हवा राहिली. नवीन सायकल बरेचदा टणक हवेत येते. टायरच्या बाजूवर कमाल आणि किमान दोन्ही लिहिलेलं असतं.

चाकोरीबाहेर

३५ ते ६५ पीएसआय. गेजने बघितलं तर दोन्ही ६० च्या वर.

पाना_पक्कड

मग हात का नाही झिणझिणणार. मागे ४५, पुढे ४० पासून बघा, वजनाप्रमाणे दोन-चार इकडेतिकडे. मोटर आणि बरंचसं वजन मागे, म्हणून मागे जास्त. फार कमीही नको, हब मोटरचं जड चाक खड्ड्यात आपटलं की ट्यूब रिमवर चिमटते, आणि मोटरचं चाक काढून पंक्चर काढणं हा वेगळा धागा आहे. पुढच्या सस्पेन्शनची मूठ पूर्ण घट्ट असेल तर सैल करा. नुसतं बसल्यावर ते एकूण प्रवासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकं दबलं पाहिजे.

तीन_ताल_चाके

स्प्रिंगवाली सीटपोस्ट?

पाना_पक्कड

चांगली गोष्ट, जेलपेक्षा कितीतरी. ताठ बसणाऱ्याला धक्का सरळ मणक्यात जातो, त्याला उपयोग होतो. फक्त वजनाला जुळणारी स्प्रिंग घ्या, आणि ती बसल्यावर दबते, म्हणून उंचीचं माप बसलेलं असताना घ्या.

चाकोरीबाहेर

शेवटचा प्रश्न. भावालाही ती चालवायची आहे, उंची १७८. दर वेळी सगळं नव्याने करायचं?

ओळंबा

सीटपोस्टवर दोन रंगांच्या चिकटपट्ट्या. तुमची एक, त्याची एक. क्विक रिलीजची कळ असेल तर पाना लागत नाही. फक्त त्याच्या उंचीला किमान खूण आत राहते का ते आधी बघा. जाता जाता, त्यासाठी ओळंबा लागत नाही.

गणिती_गोगलगाय

+१ (ओळंब्याला पहिल्यांदाच).

चाकोरीबाहेर

पट्ट्या लावल्या. खूण त्याच्या उंचीलाही दीड बोट आत आहे. एक फेरी मारून आला, म्हणतो हँडल फार जवळ आहे, खाली घे. हा धागा वाचायला दिलाय त्याला.